आधी प्रश्न, मग कण

विश्वातले सगळे ज्ञात मूलकण दोन कुळांत मोडतात. इलेक्ट्रॉन, क्वार्क आणि न्यूट्रिनो हे फर्मिऑन. प्रकाशाचा कण फोटॉन, क्वार्कांना एकत्र बांधणारा ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड, आणि २०१२ साली सापडलेला हिग्ज हे बोसॉन. पदार्थ घडतो तो फर्मिऑनांचा. त्यांच्यातली बले वाहून नेण्याचे काम बोसॉन करतात. ही विभागणी अतिशय पक्की आहे. एका कुळातला कण दुसऱ्या कुळासारखा वागला, असे एकही उदाहरण आजवर नोंदले गेलेले नाही. सुपरसिमेट्रीचे म्हणणे असे की, या दोन कुळांचे मूळ एकच आहे आणि निसर्गनियमांना धक्का न लावता एकाचे रूपांतर दुसऱ्यात करणारी एक सममिती अस्तित्वात आहे.

ही कल्पना १९७०च्या दशकाच्या आरंभी मांडली गेली. तेव्हापासून तिच्यावर हजारो शोधनिबंध लिहिले गेले, शास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी उमेदीची वर्षे तिला दिली, आणि तिने भाकीत केलेला एकही कण अजून प्रयोगात सापडलेला नाही. मग नवशिक्या वाचकाने ती शिकावी कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रस्तावनेतच द्यायला हवे. माझे उत्तर असे : आजचे कणभौतिकशास्त्र नेमके कुठे अडले आहे, हे सुपरसिमेट्रीइतके स्वच्छ दुसरे कोणतेही प्रकरण दाखवत नाही. ज्या प्रश्नांमुळे ही कल्पना महत्त्वाची ठरली ते प्रश्न खरे आहेत आणि आजही सुटलेले नाहीत. त्या प्रश्नांपर्यंत पोचण्याची सर्वांत सरळ वाट सुपरसिमेट्रीतून जाते.

या विषयाची ओळख बहुतेक वेळा नावांच्या यादीने करून दिली जाते. सिलेक्ट्रॉन, स्क्वार्क, फोटिनो, ग्लुइनो अशी नावे एकामागून एक येतात, आणि न पाहिलेल्या कणांची एवढी गर्दी कुणी कशासाठी जमवली हे वाचकाला कळतच नाही. या पुस्तकात क्रम उलटा ठेवला आहे. आधी प्रश्न, मग कण.

सुरुवात स्पिनपासून करावी लागते, कारण दोन्ही कुळांना वेगळे करणारी रेघ तीच आहे. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये ओटो स्टर्न आणि वाल्टर गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. हे अणू म्हणजे कशाही दिशेला तोंड केलेले बारीक चुंबक असते, तर समोरच्या काचेवर चांदीचा एक सलग पट्टा उमटायला हवा होता. प्रत्यक्षात झोताचे दोन भाग झाले आणि मधली जागा मोकळी राहिली. याचा अर्थ पुढे तीन वर्षांनी, इलेक्ट्रॉनला स्पिन असतो ही कल्पना पुढे आल्यावर लागला. चांदीच्या अणूतल्या सर्वांत बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला जन्मजात कोनीय संवेग असतो, आणि कोणत्याही दिशेने मोजला तरी त्याला दोनच किमती मिळतात.

स्पिन म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरणे नव्हे. इलेक्ट्रॉनला फिरवता येईल असा पृष्ठभाग असल्याचे आजवर आढळलेले नाही. विद्युतभार किंवा वस्तुमान जसे कणाबरोबरच येते, तसाच हा गुण. प्लांकच्या स्थिरांकाला २π ने भागून येणाऱ्या एककाच्या ठरावीक पटींत तो मोजतात. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क यांचा स्पिन अर्धा, फोटॉनचा एक, हिग्जचा शून्य. अर्धा, दीड असा स्पिन असलेले ते फर्मिऑन. शून्य, एक, दोन असा पूर्णांकी स्पिन असलेले ते बोसॉन. या अर्ध्यामध्ये एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. फर्मिऑनला ३६० अंशांत पूर्ण फिरवले तरी त्याचे वर्णन करणारे गणिती फलन मूळ स्थितीला येत नाही, त्याचे चिन्ह उलटते. मूळ चिन्ह परत मिळवायला ७२० अंश फिरवावे लागते. ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. १९७५ साली न्यूट्रॉनांच्या झोताचे दोन भाग करून, एकाला चुंबकीय क्षेत्रात फिरवून आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणून हे चिन्ह प्रयोगाने दाखवले गेले.

एवढ्याशा फरकातून सगळे जग घडते. दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा वोल्फगांग पाउलीचा १९२५चा नियम. म्हणूनच अणूतले इलेक्ट्रॉन एकावर एक थर रचतात, आवर्तसारणी तयार होते, रसायनशास्त्र संभवते आणि टेबलावर ठेवलेला हात टेबलात घुसत नाही. बोसॉनांना असे बंधन नाही. ते एकाच अवस्थेत हवे तितके जमतात, आणि लेसरचा झोत त्यावरच उभा आहे. त्यांच्या मोजणीची रीत १९२४ साली ढाका विद्यापीठातून सत्येंद्रनाथ बोस यांनी दाखवून दिली. कुळाला नाव त्यांचेच आहे.

आता सममितीकडे वळू. भौतिकशास्त्रात सममिती म्हणजे अशी क्रिया, जी केल्यावर नियम जसेच्या तसे राहतात. प्रयोग आज केला काय, उद्या केला काय, नियम तेच. एमी नोएदर यांच्या १९१८च्या प्रमेयानुसार ऊर्जेची अक्षय्यता याच समानतेतून येते. जागा बदलली तरी नियम तेच, यातून संवेगाची अक्षय्यता येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सममितींचे दोन गट स्पष्ट झाले होते : अवकाश आणि काळ यांच्या सममिती एका बाजूला, कणांच्या अंतर्गत गुणांच्या सममिती दुसऱ्या बाजूला. हे दोन गट एका मोठ्या सममितीत गुंफता येतील का? सिडनी कोलमन आणि जेफ्री मांडुला यांनी १९६७ साली सिद्ध केले की, कण खरोखर एकमेकांवर आदळून विखुरत असतील अशा जगात हे शक्य नाही.

पण प्रमेय जेवढे गृहीत धरते तेवढ्यापुरतेच ते बांधील असते. कोलमन-मांडुला प्रमेयात असे धरलेले होते की, सममितीची क्रिया फर्मिऑनला फर्मिऑनच ठेवते आणि बोसॉनला बोसॉन. हे बंधन सोडले की भिंतीत एक दार दिसते. रुडॉल्फ हाग, यान वोपुशान्स्की आणि मार्टिन सोनिउस यांनी १९७५ साली दाखवले की, या मार्गाने जाणारे दार एकच आहे, आणि ते म्हणजे सुपरसिमेट्री. नवशिक्याने हा मुद्दा नीट मनात धरावा. अवकाश-कालाच्या ज्ञात सममितींचा विस्तार करायला शिल्लक राहिलेली ही एक जागा आहे. ती कुणाच्या लहरीतून निघालेली नाही.

दार सापडले ते मात्र प्रमेयाच्या आधी, आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी. मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत युरी गोलफांड आणि त्यांचे विद्यार्थी येवगेनी लिख्तमन यांनी १९७१ साली हे बीजगणित प्रसिद्ध केले. खारकीव्हमध्ये दिमित्री व्होल्कोव्ह आणि व्लादिमिर अकुलोव्ह वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. स्ट्रिंग सिद्धांताचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याच सुमारास याची चाहूल लागली होती. जगाचे लक्ष गेले ते १९७४ साली, युलिउस वेस आणि ब्रुनो झुमिनो यांनी स्वतंत्रपणे तेच मांडले तेव्हा. तोवर गोलफांड यांची नोकरी गेलेली होती. देश सोडायची परवानगी मिळायला त्यांना १९९० साल उजाडले. एवढ्या मोठ्या कल्पनेचा पहिला निबंध लिहिणाऱ्या माणसाला त्याचे श्रेय कित्येक वर्षे मिळाले नाही, याची नोंद या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवी.

या बीजगणितातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी. सुपरसिमेट्रीची क्रिया एकदा केली की फर्मिऑनचा बोसॉन होतो. योग्य रीतीने दोनदा केली की फर्मिऑन परत मिळतो, पण तो अवकाश-कालात किंचित सरकलेला असतो. म्हणजे जागा बदलणे या साध्या क्रियेचे जणू वर्गमूळ काढता येते, आणि ते वर्गमूळ दोन कुळांमधून जाते. कणांचा प्रकार बदलणारी सममिती अवकाश-कालाशी अशी थेट बांधलेली आहे. म्हणूनच ती प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे लागू केली तर गुरुत्वाकर्षण आपोआप आत येते. १९७६ साली डॅनियल फ्रीडमन, सर्जिओ फेरारा आणि पीटर व्हान नूवेनहाउझेन यांनी असा सिद्धांत उभा केला. त्याला सुपरग्रॅव्हिटी म्हणतात.

हे सगळे फार उंचावरचे वाटत असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन एक लहान उदाहरण सोडवावे. क्वांटम सिद्धांतातला साधा दोलक घ्या. त्याची ऊर्जा पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, आणि सर्वांत खालच्या पायरीवरही अर्धा एकक ऊर्जा शिल्लक असते. हा बोसॉनांचा दोलक. त्यात शून्य, एक, दोन, तीन असे कितीही कण भरता येतात. आता फर्मिऑनांचा दोलक घ्या. पाउलीच्या नियमामुळे त्यात शून्य किंवा एक, एवढेच कण मावतात, आणि त्याची तळाची ऊर्जा उणे अर्धा एकक असते. दोन्ही एकत्र ठेवले की अधिक अर्धा आणि उणे अर्धा मिळून शून्य होते. एकूण ऊर्जा म्हणजे दोन्हींतल्या कणांची बेरीज. आता अवस्था मोजा. शून्य ऊर्जेची अवस्था एकच : दोन्ही रिकामे. एक ऊर्जेच्या अवस्था दोन : एक बोसॉन आणि फर्मिऑन नाही, किंवा बोसॉन नाही आणि एक फर्मिऑन. दोन ऊर्जेच्याही दोनच : दोन बोसॉन, किंवा एक बोसॉन आणि एक फर्मिऑन. पुढे कितीही वर गेले तरी प्रत्येक पायरीवर अशीच जोडी. तळाची अवस्था तेवढी एकटी.

सुपरसिमेट्रीची तिन्ही मुख्य लक्षणे या एवढ्याशा उदाहरणात आली. समान ऊर्जेच्या जोड्या, एकमेकांना खोडणारी तळाची ऊर्जा, आणि वेगळी उठून दिसणारी तळाची अवस्था. एडवर्ड विटन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी अशाच प्रकारच्या साध्या प्रणालींवरून सुरुवात करून शुद्ध गणितातल्या प्रमेयांपर्यंत मजल मारली. पुढची प्रकरणे वाचताना वाट चुकल्यासारखे वाटले, तर या दोन दोलकांकडे परत यावे.

खऱ्या जगात हीच जोडी असेल, तर प्रत्येक ज्ञात कणाला अर्ध्या स्पिनच्या फरकाने एक जोडीदार हवा. इलेक्ट्रॉनला सिलेक्ट्रॉन, क्वार्कला स्क्वार्क, फोटॉनला फोटिनो, ग्लुऑनला ग्लुइनो. सममिती तंतोतंत पाळली जात असती, तर जोडीदारांचे वस्तुमानही सारखे असते. तसे असणे शक्य नाही. इलेक्ट्रॉनइतकाच हलका सिलेक्ट्रॉन कधीच सापडला असता; शिवाय तो बोसॉन असल्यामुळे पाउलीचा नियम त्याला लागला नसता, आणि अणूंची रचनाच वेगळी झाली असती. म्हणून सुपरसिमेट्री असलीच तर ती भंगलेली आहे, आणि जोडीदार जड आहेत. किती जड, हे ती स्वतः सांगत नाही. या विषयातल्या बहुतेक अडचणी या एका वाक्यातून निघतात.

तरीही एवढ्या शास्त्रज्ञांना ती खरी असावी असे का वाटले? कारणे तीन. त्यांतले पहिले सर्वांत महत्त्वाचे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागते. इलेक्ट्रॉनभोवती विद्युतक्षेत्र असते आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. इलेक्ट्रॉन जितका लहान धरावा, तितकी ही ऊर्जा वाढत जाते. मीटरच्या अब्जांश भागाचा पुन्हा अब्जांश, एवढ्या अंतरापर्यंत इलेक्ट्रॉनला आकार असल्याचे आढळलेले नाही. जुन्या सिद्धांताने हिशोब केला तर त्या आकाराला क्षेत्राची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या प्रत्यक्ष वस्तुमान-ऊर्जेच्या हजाराहून अधिक पट निघते. मग इलेक्ट्रॉन इतका हलका कसा? जवळपास तेवढेच ऋण वस्तुमान मुळात होते आणि ते नेमके वजा झाले, असे मानायचे का?

निसर्गाने निवडलेले उत्तर वेगळे होते. पॉल डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा प्रतिकण पुढे आला आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला : पॉझिट्रॉन. निर्वातात क्षणभर उमटणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या जमेस धरल्या की ती भयंकर वाढ खोडली जाते, आणि शिल्लक उरणारी भर नगण्य ठरते. कणांची संख्या दुप्पट झाली आणि अडचण मिटली. यामागे एक सममिती होती.

आज हिग्जपुढे तशीच अडचण उभी आहे. हिग्जचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट. पण तो शून्य स्पिनचा असल्यामुळे त्याच्या वस्तुमानाला आवर घालणारे काहीच नाही. निर्वातात उमटणारे इतर कण, विशेषतः टॉप नावाचा क्वार्क, ते वर ढकलत राहतात, आणि गुरुत्वाकर्षण महत्त्वाचे ठरते त्या टोकापर्यंत ढकलतात. ते टोक प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या दहाचा एकोणिसावा घात इतक्या पटींवर आहे. सिद्धांतात येतो तो वस्तुमानाचा वर्ग. म्हणजे हिग्जला आज आहे तिथे ठेवायला दोन प्रचंड संख्या तीसहून अधिक अंकांपर्यंत जुळून एकमेकींना खोडायला हव्यात. सुपरसिमेट्रीत टॉप क्वार्कचा जोडीदार स्टॉप नेमकी उलट चिन्हाची भर घालतो, कारण या हिशोबात फर्मिऑन आणि बोसॉन यांची चिन्हे विरुद्ध असतात. जोडीदार हिग्जपेक्षा फार जड नसतील तर खोडाखोड आपोआप होते, आकडे मुद्दाम जुळवावे लागत नाहीत. पॉझिट्रॉनने जे केले, तेच काम पुन्हा एकदा.

दुसरे कारण बलांच्या ताकदीचे. विद्युतचुंबकीय, क्षीण आणि प्रबल या तिन्ही बलांची ताकद ऊर्जेनुसार हळूहळू बदलते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत लेप या यंत्रावर १९८९पासून ती फार बारकाईने मोजली गेली. १९९१च्या सुमारास ती मापे अतिउच्च ऊर्जेपर्यंत वाढवून पाहिली, तेव्हा ज्ञात कणांच्या आधारे तिन्ही बलांच्या रेघा एका बिंदूत मिळाल्या नाहीत. सुपरसिमेट्रीचे जोडीदार जमेस धरले, तर त्या प्रोटॉनच्या वस्तुमान-ऊर्जेच्या सुमारे दोनावर सोळा शून्ये इतक्या पटींवर एकत्र आल्या. हे जुळणे कुणी मुद्दाम घडवलेले नव्हते, आणि म्हणून त्याचे वजन मोठे.

तिसरे कारण कृष्णद्रव्याचे. दीर्घिकांच्या फिरण्यावरून, त्यांच्या समूहांवरून आणि विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून दिसते की, नेहमीच्या पदार्थाच्या पाचपटींहून अधिक असा न दिसणारा पदार्थ विश्वात आहे. सुपरसिमेट्रीच्या साध्या आवृत्तीत प्रोटॉन झपाट्याने नष्ट होऊ नये म्हणून एक नियम घालावा लागतो. त्याचाच परिणाम म्हणून सर्वांत हलका जोडीदार कण टिकाऊ ठरतो. तो विद्युतभाररहित असेल, तर कृष्णद्रव्याला हवे ते गुण त्याच्यात असतात. एका कामासाठी घातलेला नियम दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेला.

आता प्रयोगाकडे. सर्नचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर २७ किलोमीटर परिघाच्या भुयारात आहे. तिथे प्रोटॉनांचे झोत समोरासमोर आदळतात. टिकाऊ पण न दिसणारा कण तिथे तयार झाला, तर तो कसा कळणार? प्रोटॉन नळीच्या दिशेने धावत येतात. त्या दिशेला काटकोनात त्यांचा संवेग जवळजवळ शून्य असतो. म्हणून टक्करीनंतर बाहेर पडलेल्या सगळ्या कणांच्या काटकोनातल्या संवेगांची बेरीजही शून्य यायला हवी. दुकानदाराच्या जमाखर्चात तूट आली की नोंद न करता कुणीतरी पैसे नेले हे कळते. तसेच बेरीज शून्य आली नाही, तर काहीतरी न दिसता निसटले आहे. अडचण अशी की न्यूट्रिनोही तसेच निसटतात. झेड कण पाचातल्या एका वेळी न्यूट्रिनोंच्या जोडीत मोडतो. पण तोच झेड ठरावीक प्रमाणात म्यूऑन या कणांच्या जोडीत मोडतो आणि म्यूऑन दिसतात. दिसणाऱ्या म्यूऑनांवरून न दिसणाऱ्या न्यूट्रिनोंचा आकडा काढायचा, तो वजा करायचा, आणि तरीही तूट उरते का ते पाहायचे. शोधाचे खरे काम हे आहे. वर्षानुवर्षे, अतिशय सावधपणे केलेला हिशोब.

या हिशोबात एकही कण मोजायचा राहून चालत नाही, आणि इथे मुंबईचा हातभार आहे. सीएमएस हा सुमारे १४,००० टन वजनाचा शोधक फ्रान्समधल्या सेसी गावाखाली बसवलेला आहे. त्याच्या अवाढव्य चुंबकाबाहेर प्रस्फुरकाच्या पत्र्यांचा एक थर आहे. आतल्या थरांतून निसटून आलेली ऊर्जा तो पकडतो. तो नसता, तर तीच ऊर्जा न दिसणाऱ्या कणाची तूट म्हणून खोटी नोंदली गेली असती. हा थर उभारण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुख्य वाटा उचलला.

सिद्धांताच्या बाजूने या शोधाला दिशा देणाऱ्यांत पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचे नाव मोठे आहे. हुजूरपागा, स. प. महाविद्यालय आणि आयआयटी मुंबई इथे शिकून त्या अमेरिकेत डॉक्टरेटसाठी गेल्या, परत आल्या; त्यांनी मुंबईत आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केले. मानुएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला, सुपरसिमेट्रीच्या कणांवरचा २००४ सालचा ग्रंथ जगभरचे विद्यार्थी वापरतात. ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. या विषयावर मराठीत काहीही लिहिताना त्यांचे ऋण मान्य करणे मला आवश्यक वाटते.

आणि निष्कर्ष? ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज सापडल्याचे जाहीर झाले. सुपरसिमेट्रीच्या साध्या आवृत्तीत हिग्ज फार जड असू शकत नाही. तो त्या मर्यादेत बसला, पण वरच्या टोकाजवळ, आणि तेवढे वस्तुमान यायला स्टॉप बराच जड असावा लागतो. जोडीदार कण मात्र कुठेच दिसले नाहीत. नेहमीच्या गृहीतकांनुसार ग्लुइनो असलाच, तर तो प्रोटॉनच्या दोन हजार पटींहून जड असला पाहिजे. स्टॉपलाही एक हजाराच्या वरची मर्यादा लागली आहे. भूगर्भात झेनॉनच्या टाक्या ठेवून चाललेल्या कृष्णद्रव्याच्या शोधातही खात्रीचा संकेत मिळालेला नाही.

याचा अर्थ काय लावायचा, हे वाचकाने नीट समजून घ्यावे. सुपरसिमेट्री खोटी ठरली, असे म्हणता येत नाही, कारण जोडीदार किती जड असावेत हे ती सांगतच नाही. पण ते जितके जड होत जातील, तितकी हिग्जची खोडाखोड पुन्हा मुद्दाम जुळवलेली वाटू लागते, आणि ज्या कारणासाठी ते हवे होते ते कारणच दुबळे होते. सर्वांत साध्या, सर्वांत अपेक्षित आवृत्त्या आता बाद झाल्या आहेत. हा निकाल मोठा आहे आणि तो तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवा. गणित सुंदर आहे म्हणून निसर्गाने ते वापरलेच असेल, असा आग्रह या पुस्तकात कुठेही धरलेला नाही.

पुस्तक वाचायला बारावीपर्यंतचे गणित पुरेल : सदिश, संमिश्र संख्या, थोडे कलनशास्त्र. पहिल्या भागात स्पिन आणि सममिती, दुसऱ्यात दोलकाचे उदाहरण सविस्तर, तिसऱ्यात हिग्जची अडचण, शेवटी शोध आणि त्याचे निकाल. दुसरा भाग हाताने सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही विनंती. नवे कण तिसऱ्या भागात येतात; तोवर ते कशासाठी हवेत हे कळलेले असेल.

सुपरसिमेट्री पुढच्या वीस वर्षांत सापडेल किंवा सापडणार नाही. तिच्या जागी जो सिद्धांत येईल त्यालाही हिग्ज इतका हलका का, तीन बलांच्या ताकदी अशा का आणि कृष्णद्रव्य कशाचे, हे सांगावेच लागेल. हे पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने अशा कोणत्याही नव्या दाव्याला तीन गोष्टी विचाराव्यात : कोणता खरा प्रश्न सोडवतोस, त्यासाठी नवे काय गृहीत धरतोस, आणि कोणत्या मोजमापाने चुकीचा ठरशील? उत्तरे ऐकून घेण्याइतकी तयारी ज्याची झाली, त्याने कणभौतिकशास्त्राचा पहिला धडा पुरा केला असे मी मानेन.